सकाळी जोरात फिरणारा पंखा

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या चार मजली इमारतीतून काकूंचा फोन आला. "हॉलमधला बल्ब पुन्हा उडाला रे. या वेळी महागातला आणला होता, तोही गेला." आधीच्या वायरमनने होल्डर बदलला होता, स्विचही बदलला होता.

मी होल्डर तपासला. पिनांच्या स्प्रिंगला जोर होता, काळपटपणा कुठे नव्हता. वर काचेचं बंद झाकण होतं. त्यात उष्णता कोंडते आणि एलईडी बल्बच्या ड्रायव्हरमधला, म्हणजे आतल्या छोट्या सर्किटमधला, कपॅसिटर हा भाग लवकर निकामी होतो. पण स्वयंपाकघरातला उघडा बल्बही गेला होता, त्यामुळे माझं समाधान होईना. व्होल्टेज मोजायचा मीटर लावला, तर २३४ व्होल्ट. अगदी व्यवस्थित.

निघताना काकू सहज बोलून गेल्या, "सकाळी पंखासुद्धा आपोआप जोरात फिरतो."

दुसऱ्या दिवशी सातलाच गेलो. मीटर २६० दाखवत होता, बघता बघता २८० झाला! त्याच वेळी समोरच्या घरात १८७, ट्यूबलाइट धड लागत नव्हती. मी काकूंना आधी फ्रिजचं बटण बंद करायला सांगितलं.

अशा इमारतीत तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन वेगळ्या तारा, येतात आणि घरं त्यांच्यावर वाटलेली असतात. सामाईक न्यूट्रल, म्हणजे सगळ्यांची परतीची तार, घट्ट असेल तर प्रत्येक घराला २३०च्या आसपास मिळतं. तो ढिला झाला की भार जास्त त्या फेजचं व्होल्टेज पडतं आणि भार कमी तिथलं चढतं. समोरच्या घराच्या फेजवर सकाळी विजेचे गिझर लागत. काकूंच्या बाजूला बहुतेक घरांत गॅसचे. साध्या दिव्याच्या टेस्टरला यातलं काही कळत नाही, तो दोन्ही घरांत सारखाच पेटतो. म्हणून मी मीटरशिवाय निदान करतच नाही.

सेक्रेटरींना उठवून मीटर रूम उघडायला लावली. मेन बंद करून पॅनल खोललं. न्यूट्रलचा नट ढिला, वायरच्या टोकाचा धातूचा लग जळून काळा, वायरचं आवरण वितळलेलं. जळका भाग कापून नवीन लग दाबून पक्का बसवला (क्रिंप केला), नट आवळला. मग सगळ्यांना गिझर लावायला सांगून घरोघरी रीडिंग घेतलं: २२८ ते २३५.

काकूंच्या हॉलमधलं काचेचं झाकणही काढून ठेवलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका तेवढ्यात जळालेला राउटर घेऊन खाली आले. त्यांचीही फेज काकूंचीच होती.