एका तारखेसाठी सात आठवडे

“वकीलसाहेब, पॉलिसी चालू आहे ना? मग तारखेचं काय घेऊन बसलात?” विमा कंपनीच्या शाखेत हे मला तीन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकावं लागलं. तिसऱ्या वेळी मी उठून बाहेर चहा पिऊन आलो, नाहीतर तोंडातून भलतंच गेलं असतं.

मी तालुका कोर्टात दिवाणी कामं करतो. शिवाय बँकेच्या पॅनेलवर असल्यामुळे महिन्याला आठ-दहा सर्च रिपोर्ट देतो, म्हणजे तारण जमिनीची मालकी तपासून अहवाल. तीस वर्षांचा शोध, सातबारा, फेरफार, नोंदणी कार्यालयातला इंडेक्स टू. एका वारसाचं नाव नजरेतून सुटलं आणि कर्ज थकलं, की बँक आधी वकिलाकडे बघते. म्हणून 2021 च्या ऑगस्टात प्रोफेशनल इन्डेम्निटीची, म्हणजे कामातल्या चुकीची भरपाई देणाऱ्या विम्याची, पॉलिसी काढली. काढणं सोपं होतं. फॉर्म तेवढा डॉक्टरांचा दिला होता. ‘खाटांची संख्या’पुढे ‘लागू नाही’ लिहिलं आणि चेक फाडला. पुढे दरवर्षी नूतनीकरण केलं, कागद फाइलला लावला. वाचला मात्र नाही. दुसऱ्यांची खरेदीखतं ओळ न ओळ वाचणारा माणूस मी!

2024 च्या नूतनीकरणानंतर बाररूममधल्या एका मित्राला बँकेची नोटीस आली. बहिणींची नावं कमी झालेला फेरफार त्याच्या रिपोर्टात सुटला होता. “तुझ्या पॉलिसीत हे बसलं असतं का रे?” असं त्याने विचारलं म्हणून मी पहिल्यांदा शेड्यूल, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाचं पान, उघडलं. ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’पुढे छापलं होतं: 12 ऑगस्ट 2024.

हा विमा गाडीच्या विम्यासारखा नाही. पॉलिसी चालू असताना दावा यायला हवा, आणि ज्या कामावरून दावा आला ते काम या तारखेनंतरचं हवं. आमच्या धंद्यात चूक पिकायला वर्षं लागतात. 2022 चा रिपोर्ट कर्ज बुडाल्यावर 2026 मध्ये कुणीतरी उघडतो. 2021 चं 2024 झालं म्हणजे माझे मधले जवळपास तीनशे रिपोर्ट उघड्यावर.

झालं होतं इतकंच, की एजंट बदलला आणि नव्याने जुनी पॉलिसी पुढे चालवण्याऐवजी कोरी काढली. खंड एका दिवसाचाही नव्हता. जुन्या पॉलिसी घेऊन शाखेत गेलो. पहिलं टेबल म्हणालं, “सिस्टीम घेत नाही.” दुसरं म्हणालं, “एजंटकडून करून आणा.” एजंट म्हणाला, “ते शाखेचं काम.” मग लेखी अर्ज दिला, तर साहेब रजेवर. मग “वरच्या ऑफिसला पाठवलंय.” चौथ्या आठवड्यात कळलं, पाठवलंच नव्हतं. अर्ज मेडिक्लेमच्या फाइलींखाली ट्रेमध्येच होता, त्यावर कपाचा तपकिरी गोल उमटलेला.

त्या रात्री सगळी शेड्यूल जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला आणि विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रारही टाकली. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तोंडी बोलण्यावर एक महिना घालवला. सातव्या आठवड्यात एन्डॉर्समेंट, म्हणजे तारखेच्या दुरुस्तीचा कागद, आली. एक ओळ!

माझा ज्युनिअर म्हणतो, “सर, मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने वकिलांना ग्राहक कायद्यातून बाहेर काढलं, आता विमा कशाला?” बाबा, ग्राहक मंचाचं दार बंद झालं, दिवाणी कोर्टाचं नाही. वकिलावर निष्काळजीपणाचा दावा चालतो, हे 1926 च्या फी कायद्याच्या कलम 5 मध्येच आहे.

हो, एक राहिलं. शेड्यूलवर एका दाव्याची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा वेगवेगळी असू शकते, तीही बघा. पंचवीस लाख वाचून खूश होऊ नका. शिवाय प्रत्येक दाव्यात ‘एक्सेस’ची रक्कम आपल्याच खिशातून जाते. आणि पक्षकाराची नोटीस आली तर ‘माझ्याकडून राहून गेलं’ असं उत्तर भावनेच्या भरात पाठवू नका, आधी कंपनीला लेखी कळवा. कंपनीला न विचारता चूक कबूल केली तर विम्याची भरपाई अडकते.

मित्राने हे सगळं ऐकून घेतलं. त्याच्याकडे पॉलिसीच नव्हती. “आता काढली तर?” त्याने विचारलं. बँकेची नोटीस त्याच्या हातातच होती.