ब्लोअर नसलेलं धुराडं: आमची वाटचाल

आमचं मूळ काम हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या हुडचं आणि डक्टिंगचं. नऱ्ह्याच्या शेडमध्ये जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा कापायचा, बेंड मारायचे, फ्लँज लावायच्या आणि वर ब्लोअर बसवून मोकळं व्हायचं. डक्ट इंचभर अरुंद झाला किंवा एखादं वळण जास्त आलं, तर ब्लोअरचा एचपी वाढवला की भागतं. लाकडावरच्या इन्सर्टची कामं घ्यायला लागल्यावर सगळ्यात आधी ही सवय मोडावी लागली.

इन्सर्ट म्हणजे जुन्या उघड्या फायरप्लेसच्या खणात सरकवून बसवायची बंद लोखंडी शेगडी, पुढे काचेचं दार. तिचा धूर जुन्या धुराड्यात सोडलेल्या पाइपातून वर छपराबाहेर जातो. पुण्यात ‘चिमणी’ म्हटलं की लोकांना गॅसच्या ओट्यावरची ऑटोक्लीन चिमणीच आठवते, त्यामुळे निम्मे फोन चुकीचेच येतात. आम्हीही आता धुराडंच म्हणतो. कामं थोडी कॅम्प आणि खडकीच्या जुन्या बंगल्यांत, बाकी सगळी घाटावर: लोणावळा, पाचगणी, महाबळेश्वर.

धुराड्याला ब्लोअर नसतो. गरम धूर हलका म्हणून वर जातो, आणि तेवढीच काय ती ओढ. पाच मीटर उंचीच्या पाइपात धूर सरासरी 200 अंश सेल्सियस आणि बाहेर 15 अंश असेल, तर ओढ साधारण 23 पास्कल (दाबाचं एकक) मिळते. धूर थंड होऊन 80 अंशांवर आला की ती 11 वर उतरते. पाचगणी सुमारे 1,300 मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, म्हणून यातून आणखी 14 टक्के वजा. बहुतेक इन्सर्टना 12 पास्कलच्या आसपास लागतात. म्हणजे पाइप थंड पडला की दार उघडताच धूर खोलीत. हा हिशेब कळायच्या आधी आम्ही दोन चुका केल्या आणि दोन्ही डक्टिंगवाल्याच्याच होत्या.

पहिली चूक जीआयचा पाइप वापरण्याची. जस्ताचा थर 200 अंशांपुढे टिकत नाही आणि 420 ला तर जस्त वितळतंच. शिवाय लाकडाच्या धुरातली आम्लं त्याला आतून खातात. दुसऱ्या हिवाळ्यात सांध्यांतून तपकिरी पाणी भिंतीवर उतरलं. दुसरी चूक रिड्यूसरची, म्हणजे व्यास कमी करणाऱ्या जोडाची. शेगडीचं तोंड 150 मिमी, धुराडं अरुंद, म्हणून वर 125 चा पाइप जोडला. कागदावर इंचभराचाच फरक, पण क्षेत्रफळ 31 टक्क्यांनी घटतं. 100 मिमी केला तर 56 टक्क्यांनी. आता रिड्यूसर आम्ही बनवतच नाही. पाइपचा व्यास शेगडी ठरवते, धुराड्याला त्यात मत नाही.

त्यामुळे खरं काम मोजमापात आहे. जुनं विटांचं धुराडं आतून बहुधा एक वीट, म्हणजे नऊ इंच चौरस. 230 मिमी मिळतील असं वाटतं. पण आतला चुन्याचा गिलावा दोन्हीकडून बारा-बारा मिमी खातो आणि उरतात 206. दुहेरी पापुद्र्याचा लवचीक पाइप आतून 150 असला तरी बाहेरून 155 भरतो. त्यावर धूर गरम ठेवणारी 25 मिमी सिरॅमिक लोकर गुंडाळली की 205. कागदावर बसतं, धुराड्यात बसत नाही. मध्ये कुठेतरी वीट पुढे आलेली असते किंवा सांध्यातला चुना ओघळून घट्ट झालेला असतो.

म्हणून टेपवर विसंबत नाही. पत्र्याचा 210 मिमी व्यासाचा, दोन फूट लांबीचा डमी ड्रम दोरीने वरून खाली सोडतो. लांबी महत्त्वाची आहे. नुसती थाळी सोडली तर ती वळणातून तिरकी होऊन निघून जाते आणि मग पाइप नेमका तिथेच अडकतो. दोरीवर दर फुटाला गाठ, म्हणजे ड्रम कुठे थांबला ते कळतं. मग मोबाइल टॉर्च लावून त्याच उंचीला सोडायचा आणि व्हिडिओ बघायचा. अडथळा बहुतेक वेळा तीनपैकी एक असतो: सुटलेला गिलावा, पक्ष्यांचं घरटं किंवा धुराड्याचा गळा.

गळा म्हणजे फायरप्लेसच्या लगेच वरची चिंचोळी जागा. उघड्या आगीसाठी तो मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो आणि तिथे बिडाची झडप असते. झडप आणि तिची चौकट ग्राइंडरने कापून काढावीच लागते, ठेवून चालत नाही. तरीही कधी 90-100 मिमीच उरतात. मग पाइप तेवढ्या भागापुरता लंबगोल करतो. परीघ तोच राहत असल्याने नुकसान वाटतं तितकं नसतं: 150 चा गोल दाबून 115 केला तर क्षेत्रफळ साडेपाच टक्के घटतं, 90 केला तर 16 टक्के, 75 ला 25 टक्के. 90 ही आमची लक्ष्मणरेषा, आणि तीसुद्धा फक्त अर्ध्या मीटरपुरती. त्याहून अरुंद असेल तर गळा फोडून वर नवं लिंटेल. लंबगोल करायला हातोडी वापरायची नाही, कडा चिरतात. शेडमधल्या जुन्या रोलिंग मशीनच्या दोन रोलरांमध्ये चार-पाच फेऱ्यांत थोडं थोडं दाबायचं.

लोकर काढून टाकू, तेवढी जागा मिळेल, असं प्रत्येक गिऱ्हाईक सुचवतं. जांभ्या दगडाचं आणि चुन्याचं धुराडं महाबळेश्वरच्या पावसात चार महिने पाणी पितं. त्यात उघडा पाइप सोडला तर नोव्हेंबरातसुद्धा धूर वर पोचेपर्यंत गार होतो, 120 अंशांच्या खाली धुरातलं डांबर आतून चिकटायला लागतं आणि एक दिवस तेच पेटतं. म्हणून आधी साखळी आणि ब्रश फिरवून सुटलेला गिलावा पाडतो. त्याने दोन्हीकडचे मिळून वीसेक मिमी सहज मिळतात. तरीही नाहीच झालं, तर 13 मिमीची लोकर. गोल पाइपला सरळ धुराड्यात व्हर्मिक्युलाइट (उष्णतारोधक हलकी खनिज खडी) 10 भाग आणि सिमेंट 1 भाग ओतायचा पर्याय आहे, पण मग पाइप पुन्हा कधीच बाहेर येत नाही, हे घरमालकाला आधीच सांगतो.

लोकरीचा रोल 610 मिमी रुंद येतो. तो तसाच गुंडाळला की जोडावर उंचवटा येतो आणि अडकतो तो नेमका तोच. 565 ला कापून कड कडेला भिडवायची, वर ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर स्टीलची जाळी, तार पिळून. तारेची पिळलेली टोकं आत दाबायची. घनता घनमीटरला 128 किलोची घेतली तर लोकरच मीटरला 1.8 किलो भरते, म्हणजे सहा मीटरला अकरा किलो. कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. खाजेचा त्रास एकदा झाला की पोरं आपणहून घालतात.

पाइप 316 एल ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा. भवानी पेठेत जनरेटरच्या एक्झॉस्टसाठी मिळणारा इंटरलॉक होज दिसायला तसाच आणि कितीतरी स्वस्त, पण तो धूर गाळतो आणि आतल्या कंगोऱ्यांत काजळी धरतो. दुहेरी पापुद्र्याच्या पाइपवर बाण असतो. तो वरच्या दिशेला हवा. उलटा सोडला तर आतल्या पापुद्र्याच्या कडांत डांबर साचतं आणि साफ करताना ब्रश अडकतो. एकदा उतरवलेला पाइप केवळ बाणापायी पुन्हा वर काढायची वेळ आमच्यावर आलेली आहे.

उतरवायला वर दोघं, खाली एक. टोकाला पत्र्याचा शंकू, त्याला नायलॉनची दोरी. खालच्याने ओढायचं नाही, फक्त दिशा द्यायची, जोर वरून. ओढला की पाइप ताणतो, कंगोरे उघडतात आणि व्यास कमी होतो. अडला तर चौथाई फेरा फिरवून पुन्हा ढकलायचा. वळण उभ्या रेषेपासून 45 अंशांपेक्षा जास्त असेल तर तिथे बाजूने भिंतीला खिडकी पाडून हाताने वळवणंच बरं.

खालचा जोड सगळ्यात किचकट. इन्सर्ट आत सरकवल्यावर कॉलरपर्यंत, म्हणजे पाइप बसतो त्या शेगडीच्या तोंडापर्यंत, हात पोचत नाही. म्हणून शेगडीतल्या वरच्या विटा आणि बॅफल (आगीवरची आडवी पाटी) काढून आतूनच क्लॅम्प आवळतो. भेग फायर सिमेंटने बंद. गळ्याला 18 गेजच्या पत्र्याची प्लेट, वर लोकर. ही प्लेट नसली की निम्मी ऊब धुराड्याच्या पोकळीत जाते आणि शेगडीत दम नाही अशी तक्रार येते.

वरच्या तोंडाला स्टीलची प्लेट, कॉलर आणि टोपी. कडक पाइप वापरला असेल तर वरचा जोड मोकळा सरकता ठेवायचा, कारण सहा मीटर स्टील 300 अंशांच्या फरकाला 30 मिमी वाढतं. लवचीक पाइपच्या कंगोऱ्यांत ती वाढ जिरते. घाटावरचा पाऊस आडवा येतो, त्यामुळे टोपीला खाली झालर लागते. जाळी 12 मिमीपेक्षा बारीक नको, काजळीने बुजते.

सर्व्हिस ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर, नायलॉनच्या ब्रशने. लोखंडी तारेच्या ब्रशचे कण स्टीलमध्ये रुतून गंजतात. ओंडके चिरून दोन उन्हाळे वाळवलेले असावेत. पावसाळ्यात रस्त्यावर मिळणारा ओला सिल्व्हर ओक जाळणाऱ्याला आम्ही गॅरंटी देत नाही.

राहिली ती साडेचार इंची धुराडी. ती आम्ही बुजवून टाकतो आणि दुहेरी भिंतीचा पाइप बाहेरून, छपराच्या वर तीन फूट नेतो. दहा फुटांच्या आत काही उंच असेल तर त्याच्याहून दोन फूट वर. जुन्या बंगल्याच्या दर्शनी भिंतीवर चकचकीत स्टील कोणाला आवडत नाही, त्यामुळे यातली निम्मी कोटेशनं तशीच पडून आहेत.