तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो असताना दुर्बीण कशाला?

नासाचे एवढे भारी फोटो मोबाईलवर फुकटात दिसतात, मग लोकांना रात्री ग्राउंडवर रांगेत उभं करून तो एवढासा शनी कशाला दाखवता? हा प्रश्न मला नणंदेने विचारलाय, ऑफिसमधल्या लोकांनी विचारलाय, एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर चंद्र बघून आयपीसवरून (डोळा लावायच्या भिंगावरून) डोळा काढता काढताच विचारला. दर वेळी मी "प्रत्यक्ष बघण्याची मजा वेगळी हो" असं काहीतरी बोलून सुटका करून घेते आणि मग घरी येईपर्यंत चिडचिड होत राहते, कारण ते माझं खरं उत्तर नाहीये. (पत्रिका बघता का असं विचारणारे वेगळे, त्यांच्याबद्दल आज नाही.)

आधी जे कबूल करायचं ते करून टाकते. फोटो जास्त छान असतो, शंभर टक्के. देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) फोटोत निळी-जांभळी आणि चक्राकार दिसते, आमच्या आठ इंची डॉबमधून (हाताने ढकलायची साधी दुर्बीण) साताऱ्याच्या दिव्यांच्या उजेडात ती एक करडा पुसट डाग दिसते, कासच्या बाजूला अंधारात गेलं तर जरा मोठा डाग. कॅमेरा तासन् तास उजेड साठवत बसतो, डोळ्याला ते जमत नाही आणि अंधुक उजेडात डोळ्याला रंगही कळत नाहीत. त्यामुळे "फोटोसारखं दिसेल" असं जो कुणी कार्यक्रमाच्या पोस्टरवर छापतो तो लोकांना फसवतो असं माझं स्पष्ट मत आहे आणि यावरून आमच्या आकाशदर्शनाच्या ग्रुपमध्ये भांडणं झालेली आहेत.

पूर्वी मी एक दुसरं उत्तर द्यायचे, तेव्हा मला ते फार आवडायचं. की बघा, हा उजेड शनीवरून सव्वा तासापूर्वी निघाला आणि थेट तुमच्या डोळ्यात शिरला, देवयानीचा तर पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय, फोटोत ते होत नाही. लोक "वा" म्हणायचे. आज मला ते उत्तर पुरत नाही. उजेड डोळ्यात शिरला म्हणजे त्या माणसाने काही बघितलं असं होत नाही ना.

आणि इथेच घोळ आहे, जो रांगेत उभ्या असलेल्यांना दिसत नाही पण दुर्बिणीशेजारी उभं राहणाऱ्याला रोज दिसतो. दुर्बिणीतून बघणं सोपं नसतं. लहान मुलांना एक डोळा मिटता येत नाही, दोन्ही मिटतात नाहीतर उघडा ठेवायचा तोच मिटतो, त्यांना तळहाताने डोळा झाकायला शिकवावं लागतं. डोळा जरा बाजूला गेला की सगळं काळं. चष्मेवाल्यांना फोकस पुन्हा करून द्यावा लागतो. कुणीतरी तोल जाऊन ट्यूबला धरतो आणि ग्रह गायब. आमचा डॉब हाताने ढकलायचा, मोटर वगैरे नाही, १२० पट मॅग्निफिकेशनला मधोमध आणून ठेवलेला शनी पृथ्वी फिरते म्हणून मिनिटभरात कडेने बाहेर. म्हणजे दर एक-दोन माणसांनंतर परत शोधा. आणि मागे दोनशे माणसं. एकाला तीस सेकंद म्हटलं तरी शंभर मिनिटं झाली, आणि तीस सेकंदात तर नीट डोळाही लागत नाही.

मग लोक काय करतात? "दिसलं" म्हणतात. मोठी माणसं जास्त. मागची रांग, "चला पुढे", आणि आपल्याला काही दिसत नाहीये हे चारचौघांत सांगायची लाज. दोन सेकंद वाकतात, "छान आहे हो" म्हणतात आणि निघतात, आणि मला माहीत असतं की आत काळोख होता कारण शनी केव्हाच बाहेर गेलेला असतो. मी पुण्यात शिकत असताना ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या कार्यक्रमांना जायचे, हौशी आकाशनिरीक्षकांची १९४४ पासूनची संस्था, तिथल्या एका काकांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं, "चंद्राच्या कुठल्या बाजूला अंधार आहे?" मला सांगता आलं नाही. त्यांनी न रागावता पुन्हा बघायला लावलं, आणि मागचे थांबले.

आता ती गोष्ट, जी मी आजवर ग्रुपबाहेर कुणाला नीट सांगितली नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही जिल्ह्यातल्या एका शाळेत गेलो होतो, नाव सांगत नाही. अष्टमीच्या आसपासचा चंद्र, शेजारीच शनी, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. आता २०२५ हे शनीच्या बाबतीत खास वर्ष होतं. साधारण पंधरा वर्षांतून एकदा शनीची कडी आपल्याला बरोबर कडेवरून दिसतात. त्यांचा पसारा पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास, पण जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर, त्यामुळे कडेवरून बघितलं की ती जवळजवळ नाहीशीच होतात. मार्चमध्ये ते झालं तेव्हा शनी आकाशात सूर्याच्या शेजारी होता म्हणून बघता आलं नाही, नोव्हेंबरअखेर परत तसंच होत आलं होतं. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीच्या दोन बाजूंना काहीतरी आहे असं बघितलं आणि १६१२ मध्ये ते गायब झालं तेव्हा तो चक्रावून गेला होता, त्याचं कारण हेच. ती कडी आहेत हे डच शास्त्रज्ञ हायगेन्सने छापून सांगितलं ते १६५९ मध्ये. मी हे सगळं मुलांना मुद्दाम आधी सांगितलं नाही. मला बघायचं होतं की ती काय सांगतात.

पहिली पंधरा-वीस मुलं आली, "दिसलं मॅडम", "कडी दिसली मॅडम". पुस्तकात चित्र असतं ना. मग एक मुलगी आली, सहावी-सातवीतली असेल, स्टुलावर चढली, हाताने डोळा झाकला आणि हललीच नाही. मी एकदा ट्यूब ढकलून शनी मधे आणून दिला. परत बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, कडं न्हाय. नुसती रेघ हाय. गोळीत सुई खुपसल्यागत."

मला इतका आनंद झाला की मी काही बोलायच्या आत तिचे सर पुढे आले. "पुस्तकात काय दिलंय? शनीला कडी असतात की नाही? मग नीट बघ, न्हाय काय म्हणतीस, मागं पोरं खोळंबलीत." आणि दंडाला धरून तिला स्टुलावरून खाली घेतलं. मारलं नाही, ओरडलेही फार नाहीत, हे सांगायला हवं. पोरं हसली. मी म्हणाले, "सर, तिला बरोबर दिसलंय, आज रेघच दिसते, बाकीच्यांनी बघितलेलं नाही." मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सर गप्प झाले, मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. मी त्या मुलीला हाक मारली, ये परत बघ म्हणून. ती आली नाही. मैत्रिणींच्या मागे जाऊन उभी राहिली. आणि तिच्यानंतरच्या मुलांना मी विचारलं तेव्हा निम्मी म्हणाली कडी दिसली आणि निम्मी म्हणाली रेघ दिसली, आणि माझी खात्री आहे की त्यातल्या कित्येकांनी कुणाचं ऐकायचं एवढंच ठरवलं होतं, सरांचं की माझं.

म्हणजे मी जे बोलले त्यानेही तेच झालं, हे मला त्या रात्री गाडीतच कळलं. तरी मी बोलले त्याचा पश्चात्ताप नाही. ती मुलगी अख्ख्या ग्राउंडवर बरोबर बघणारी एकटी होती आणि तिला चुकीची ठरवलं जात होतं, तेव्हा मी चहाच्या वेळी सरांना बाजूला घेऊन हळूच सांगायला हवं होतं असं ग्रुपमधले काही जण अजून म्हणतात. मला पटत नाही. चूक सगळ्यांसमोर ठरवायची आणि बरोबर मात्र कोपऱ्यात सांगायचं, हे कसलं?

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. फोटोत काय दिसतं ते आधीच ठरलेलं असतं. त्याच्यापुढे "मला नाही दिसत" असं म्हणायची सोयच नसते. दुर्बिणीपुढे ती असते, असायला हवी, आणि एवढ्यासाठीच मी शनिवार-रविवार घालवते.

पण आमच्या ग्रुपमधला एक मित्र, माझ्याइतकीच वर्षं हे करणारा, म्हणतो हे तुझं खूळ आहे. तो मुंबईचा, शाळेत असताना खगोल मंडळ या तिथल्या हौशी संस्थेच्या, बदलापूरजवळच्या वांगणीतल्या रात्रभराच्या आकाशदर्शनाला गेला होता, तिथे त्याने जेमतेम दहा सेकंद काहीतरी बघितलं, काय ते आता आठवतही नाही, पण त्यावरून तो इथवर आला. त्याचं म्हणणं, दोनशेतल्या एकशे नव्वद जणांना काही दिसलं नाही तरी चालेल, रात्री आभाळाखाली उभे राहिले ना, ते राहू दे. जॉन डॉब्सन, ज्यांच्या नावाने आपण डॉब म्हणतो, वेदांत सोसायटीचे साधू होते, मठ सोडावा लागल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून चंद्र दाखवायचे, ते कुठे परीक्षा घेत बसले? याला माझ्याकडे उत्तर नाही. पूर्वी मीही "काल तीनशे जणांनी शनी बघितला" असं हौसेने सगळ्यांना सांगायचेच की.

त्याच शाळेतून आता पुन्हा निरोप आलाय. कडी यंदा परत उघडायला लागलीत, त्यामुळे पुस्तकातलं चित्र आणि आकाश यांचं भांडण होणार नाही. मित्र म्हणतो दोन दुर्बिणी लावू, एकीवर चंद्र आणि भराभर रांग, दुसरीवर शनी, ज्याला हवं त्याने हवा तेवढा वेळ घ्यावा, मागच्याने थांबावं. त्याला वाटतं मुलं आपणहून दुसऱ्या रांगेत येतील. मला वाटतं सर सांगतील त्या रांगेत जातील.