वर घातलेले तारले

फोंड्याच्या बाजारात बांगडे घेतले, पैसे दिले, तरी मी पिशवीचं तोंड लगेच आवळत नाही. मासेवालीचं अजून संपलेलं नसतं. "हे तारले वयर घालतां, व्हर बाब," म्हणत ती मूठभर तारले पिशवीत सोडते. घरी येऊन बघावं तर त्यातले दोन-तीन पोट फुटलेले निघतात. मांजराची चंगळ होते. पुढच्या खेपेला मी तिच्याच पाटीसमोर उभा राहून तक्रार करतो. ती आधी देवाची शपथ घेते, मग उन्हाला नावं ठेवते आणि शेवटी एक बांगडा जास्त टाकते. हा हिशेब गेली कित्येक वर्षं चालू आहे, आणि तो पुरता मिटावा असं आम्हा दोघांनाही वाटत नसावं.

कॉम्प्युटरवर फुकटचा प्रोग्राम घालताना असे तारले दहा-पंधरा वर्षांपूर्वी हमखास मिळायचे. आपण मागितलेला असायचा गाणी ऐकायचा नाहीतर फायली दाबून लहान करायचा प्रोग्राम. सोबत यायची एक टूलबार, म्हणजे ब्राउझरच्या डोक्यावर ठाण मांडणारी बटणांची पट्टी, एक नवा सर्च, आणि "तुमचा कॉम्प्युटर मंदावला आहे" म्हणून सकाळ-संध्याकाळ गळा काढणारा एखादा वैद्य. फक्त इथे तक्रार करायला समोर पाटी नसायची.

प्रोग्राम घालतानाची ती खिडकी ज्यांनी बघितली आहे त्यांना आठवेल. दोन गोल. पहिल्यापुढे 'एक्सप्रेस', कंसात 'रेकमेंडेड', आणि ठिपका त्यातच आधीपासून बसलेला. दुसऱ्यापुढे 'कस्टम', कंसात 'जाणकारांसाठी'. आता सरळमार्गी माणूस स्वतःला जाणकार कशाला म्हणवून घेईल? तो विनयाने पहिल्यावरच राहायचा. सोबत येणाऱ्या पाहुण्यांचे टिक केलेले चौकोन लपलेले असायचे दुसऱ्याच्या पोटात, तेही फिकट करड्या रंगात, म्हणजे ते दाबता येतच नाहीत असं वाटावं. कुठे कुठे करारनामा दोनदा यायचा. दुसरा पाहुण्याचा असायचा, पण दिसायला हुबेहूब पहिल्यासारखा, खाली 'ॲक्सेप्ट' आणि 'डिक्लाइन'. 'डिक्लाइन' दाबलं तर सगळंच अर्धवट राहील या भीतीने माणूस 'ॲक्सेप्ट' दाबून मोकळा व्हायचा. माणसाची ही नस ज्याने ओळखली तो आमच्या बाजारात बसता तर सकाळी आठालाच पाटी रिकामी करून घरी गेला असता.

आमच्या वाड्यावर एक निवृत्त शिक्षक आहेत. मराठी शिकवायचे. देवळाच्या उत्सवात रात्री गावकऱ्यांचं नाटक होतं. ते बसवणारे सर, बहुतेक वेळा लिहिणारेही सर, आणि विंगेत बॅटरी घेऊन प्रॉम्प्टिंगला बसणारेही सरच. गोव्यात मास्तर शाळेतून निवृत्त होतो, नाटकातून होत नाही. 2012 च्या सुमाराला त्यांनी संहिता कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली, दोन बोटांनी. हँडबिलासाठी प्रेसवाल्याला पीडीएफ हवी होती, म्हणून त्यांनी मला गाठलं. मी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे एका प्रोग्रामचं नाव लिहून दिलं आणि खाली लिहिलं, "फुकट आहे. चांगला आहे. मी वापरतो."

तिन्ही वाक्यं खरी होती. फक्त मी वापरत होतो ती आवृत्ती दोन वर्षं जुनी होती.

चार दिवसांनी सर दारात. "अरे, तू सांगितलेला प्रोग्राम घातला. पीडीएफ उत्तम झाली. पण माझं होम गेलं."

"होम म्हणजे?"

"होमपेज रे. आता उघडलं की कुणाचं तरी भलतंच घर उघडतं."

जाऊन बघितलं. ब्राउझरच्या डोक्यावर एकाखाली एक तीन टूलबार, चवथीला ओट्यावर पाहुण्यांच्या चपला साचाव्यात तशा. खाली पान उरलं होतं ते लुगड्याच्या काठाएवढं. दोन काढल्या, तिसरी काढली की पुन्हा हजर. सर माझ्या मागे उभे. एकदा हळूच म्हणाले, "मी सगळीकडे नेक्स्टच केलं. चुकलं का रे?" ज्यांनी उभी हयात मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' सांगण्यात घालवली, ते मला असं विचारत होते. मला तो चहा काही गोड लागला नाही.

पुढे सरांनी मला न सांगताच तो कॉम्प्युटर फोंड्याला एका दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणला. दुकानातल्या पोराने फायली जपल्या, पण मराठी फॉन्ट परत घालायचा विसरला. उत्सव वीस दिवसांवर आणि तिसऱ्या अंकात नायिका स्वल्पविराम, डॉलर आणि चौकटी कंसांतून हंबरडा फोडत होती. तेव्हा मात्र मला बोलावणं आलं. फॉन्ट माझ्या पेनड्राइव्हवर होता. नाटक झालं, वन्समोअरही मिळाला.

पण त्यानंतर दोन-तीन वर्षं सरांनी मला कॉम्प्युटरमधलं काही विचारलं नाही. पाऊस, काजूचा भाव, यंदा स्त्रीपार्ट कुणाला द्यायचा, सगळं बोलायचे. रागावले नव्हते. त्या कंपनीला त्यांनी कधी शिवीही दिली नाही. तिचं नाव त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी ती टूलबार मी धाडली होती. चिठ्ठीवर अक्षर माझं होतं, तेव्हा त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

या बाबतीत मला दूरदेशीचा एक सोबती आहे. एनमॅप हा नेटवर्क तपासायचा प्रोग्राम लिहिणारा गॉर्डन लायन. डिसेंबर 2011 मध्ये त्याला कळलं की सीनेट (CNET) या कंपनीच्या डाउनलोड डॉट कॉम या साइटने त्याच्या प्रोग्रामभोवती स्वतःचा इन्स्टॉलर गुंडाळलाय आणि त्यात टूलबार भरलीय. तो जाहीरपणे भडकला. त्याचं म्हणणं साधं होतं: एनमॅपवाले असलं काही घालणार नाहीत या भरवशावर लोक डोळे मिटून पुढे पुढे दाबत जातात. म्हणजे भरवसा कमावला त्याने, आणि दुकानदाराने तो परस्पर गहाण टाकला. चित्रांवर काम करायच्या गिंपचं तर आणखी विचित्र. ती मंडळी असल्याच जाहिरातबाजीला कंटाळून नोव्हेंबर 2013 मध्ये सोर्सफोर्ज ही प्रोग्राम उतरवून घ्यायची साइट सोडून गेली. 2015 मध्ये बघतात तर त्यांच्याच नावाखाली तिथे गिंपचा इन्स्टॉलर, पाहुण्यांसकट. भाडेकरू केव्हाचा गेलेला, दारावर त्याची पाटी तशीच, आणि आत मालकाने दुकान थाटलेलं. पुढच्या वर्षी मालकच बदलले, आणि नव्यांनी तो धंदा गुंडाळला.

ही निदान फुकटची दुनिया. ओरॅकलसारख्या गब्बर कंपनीला काय कमी होतं? तिच्या 'जावा' नावाच्या प्रोग्रामला वरचेवर सुरक्षेचे अपडेट लागत. ते घ्याच, म्हणून जाणकार कानीकपाळी ओरडत. आणि त्याच अपडेटमध्ये आस्क टूलबारचा चौकोन टिक करून ठेवलेला. कुलूप दुरुस्त करायला आलेल्या माणसाने दर खेपेला आपली एक ट्रंक माजघरात ठेवून जावं, तसं. 2013 च्या जानेवारीत तर असं उघडकीला आलं की ती टूलबार लगेच बसत नाही, दहा मिनिटं दबा धरून मग बसते. म्हणजे संशय येऊन तुम्ही तेव्हाच यादी तपासली, तर तिथे काहीच नाही! चौकोन टिक करून ठेवणं मी एक वेळ धंदा म्हणून समजून घेईन. त्या दहा मिनिटांना मात्र माझ्याकडे दुसरा शब्द आहे, आणि तो सरांसमोर उच्चारता येणार नाही.

फुकट देणाऱ्यालाही पोट असतं, हे मला कळतं. दर इन्स्टॉलमागे पाहुणा पैसे मोजायचा, त्यावर एखाद्याचा प्रोग्राम जगायचा. आणि तो पीडीएफवाला प्रोग्राम मी वर्षानुवर्षं वापरला, पण त्यापायी एक दमडी कधी दिली नाही, हेही इथेच कबूल केलेलं बरं.

आता आपल्याकडे नियम झालेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला मार्गदर्शक तत्त्वं काढून ऑनलाइन फसवाफसवीचे 13 प्रकार नावानिशी सांगितले. त्यात गिऱ्हाइकाला न विचारता टोपलीत वस्तू सरकवणंही आहे. फुकटचा नमुना दिला तर तो त्यात धरू नये, असा खुलासाही सोबत आहे. तो वाचून मला आधी हायसं वाटलं, माझी मासेवाली सुटली. मग लक्षात आलं, टूलबारही फुकटच होती की.

हे सगळं एकदा सरांना रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मराठीत काय लिहितात रे, त्या रेकमेंडेडला?"

"शिफारस केलेले."

"कोणी?"

"म्हणजे?"

"शिफारस कोणी केली? कर्ता कुठाय वाक्यात?" सर हसले. "भटजीची, सोयरिकीची, आचाऱ्याची, आजवर मी पुष्कळ शिफारशी केल्या. आचाऱ्याने एकदा मुगागाठी खारट केली, तर माणूस माझ्याकडे आला, आचाऱ्याकडे नाही गेला. कर्ता होतो ना मी." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तूसुद्धा आला होतास, त्या तिसऱ्या अंकाला."

गेल्या महिन्यात मुलाने त्यांना नवा लॅपटॉप पाठवला. परवा संध्याकाळी फोन आला.

"आहेस ना घरात? एक प्रोग्राम घालतोय. आता मी वाचतो, तू ऐक."

आणि सरांनी करारनामा वाचायला घेतला. पहिल्या कलमापासून, इंग्रजीत, वर्गात धडा वाचावा तसा, विरामचिन्हांना थांबत. बाहेर पोदेराचा भोंपू वाजून गेला. पाव राहिले. कलम चारच्या पोटकलमाला मी सुचवलं, "सर, हे कोणीच वाचत नाही, पुढे चला."

"थांब. 'नॉटविथस्टँडिंग' लिहिलंय. म्हणजे वरचं सगळं खोटं," सर म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.