गाउट गाउटची वही: २०२५ चा हंगाम

हंगाम संपला, वहीतलं पान भरलं, तेव्हा सगळं एकदा नीट मांडतो. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाउट गाउट, ऑस्ट्रेलियाचा धावपटू, क्वीन्सलंडमधल्या इप्सविचचा. आईवडील दक्षिण सुदानचे. जन्म २९ डिसेंबर २००७, प्रशिक्षक डाय शेपर्ड, मुख्य शर्यत २०० मीटर. त्याच्या धावेची वेळ, वारा आणि त्या दिवशीचं वय उतरवून ठेवायचं, बाकी या उद्योगात काही नाही. पण वर्षभर हे केलं की वर्तमानपत्रांतले मथळे वाचायची पद्धतच बदलते.

आधी वयाचं बोलू, कारण तो रकाना मी या वर्षी नव्याने आखला. नुसतं ‘१६’ किंवा ‘१७’ लिहून भागत नाही. आता वर्षं आणि महिने लिहितो. वर्ल्ड ॲथलेटिक्स ही जागतिक संघटना वयोगट ठरवताना खेळाडूचं त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरचं वय धरते. आपला गडी २९ डिसेंबरचा. तीन दिवस उशिरा जन्मला असता तर २०२५ चं अख्खं वर्ष अठरा वर्षांखालच्या गटात मोडला असता. प्रत्यक्षात वर्षभर सतराचाच होता, पण कागदावर वीस वर्षांखालच्या गटात, आपल्याहून जवळजवळ दोन वर्षांनी मोठ्या मुलांच्या रांगेत. त्यामुळे गटवार विक्रमांच्या याद्या त्याच्या बाबतीत फारशा कामाच्या नाहीत. महिन्यांचा हिशेब कामाचा.

त्या हिशेबाने काय दिसतं? ७ डिसेंबर २०२४ ला ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियन शालेय स्पर्धेत त्याने २०० मीटरला २०.०४ सेकंद मारले तेव्हा तो १६ वर्षं ११ महिन्यांचा होता. उसेन बोल्टने जुलै २००३ मध्ये बार्बाडोसला २०.१३ मारले तेव्हा बोल्टही १६ वर्षं ११ महिन्यांच्या उंबरठ्यावर. म्हणजे ‘बोल्टपेक्षा वेगवान’ हा मथळा त्या एका ठिकाणी अगदी रास्त होता. मुलं खरोखर एका वयाची होती. पण पुढच्या ओळीवर या. बोल्टने एप्रिल २००४ मध्ये बर्म्युडात १९.९३ मारले, वय १७ वर्षं ७ महिने. अमेरिकेच्या एरियन नाइटनने जून २०२१ मध्ये ऑलिंपिक निवड चाचणीत १९.८४ मारले, वय साधारण १७ वर्षं ५ महिने, वारा नियमाच्या मर्यादेत. गाउट १७ वर्षं ५ महिन्यांचा असताना २०.०२ वर होता. मथळा पुढच्या वर्षीही तोच चालू राहिला, आकडा राहिला नाही.

याचा अर्थ पोरगा मागे पडला असा कुणी लावू नका. बोल्टची वहीसुद्धा सरळ चढत गेलेली नाही. १९.९३ नंतर चारच महिन्यांनी अथेन्स ऑलिंपिकला तो दुखापत घेऊन उतरला आणि २१.०५ मारून पहिल्याच फेरीत घरी गेला. २००५ च्या हेलसिंकी जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठली खरी, पण तिथे पाय दुखावला आणि २६.२७ मध्ये शेवटचा आला. ज्याच्याशी तुलना करायची त्याची वाईट पानंही उघडायला हवीत.

आता वारा. पाठीवरचा वारा सेकंदाला २.० मीटरहून जास्त असला की ती वेळ विक्रमासाठी अवैध. ब्रिस्बेनच्या त्या शनिवार-रविवारला जोडून आलेला शुक्रवार माझ्या वहीतला सगळ्यात शिकवणारा दिवस आहे. १०० मीटरच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, १०.०४, वारा पाठीशी ३.४. फायनलमध्ये १०.१७, वारा ०.९. १०० मीटरला पाठीवरच्या २ मीटर प्रतिसेकंद वाऱ्याचा फायदा साधारण ०.१० सेकंद धरतात. दोन धावांच्या वाऱ्यात फरक २.५, वेळेत फरक ०.१३. म्हणजे दोन्ही धावा जवळपास एकाच प्रतीच्या. जगभर गाजली ती १०.०४, पण विक्रमाच्या यादीत बसते ती १०.१७.

एप्रिलमध्ये पर्थला राष्ट्रीय स्पर्धेत वीस वर्षांखालच्या १०० मीटरमध्ये त्याने दोनदा ९.९९ मारले. हीटला वारा ३.५, फायनलला २.६. आकडा तोच, वारा कमी, म्हणजे फायनलची धाव सरस. दोन्ही अवैध, कारण मर्यादा २.०. याच स्पर्धेत खुल्या गटाच्या २०० मीटरमध्ये १९.८४ आणि वारा २.२. विंडगेजचा, म्हणजे वारा मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा पुढच्या दशांशावर चढवून लिहितात, त्यामुळे २.२ म्हणजे प्रत्यक्षात २.१ पेक्षा जास्त काहीतरी. एवढ्याशाने गेलं, असं म्हणून हळहळणारे खूप भेटले. मी हळहळलो नाही, आणि त्याला कारण आहे.

२०० मीटरला वारा मोजतात तो फक्त सरळ मार्गावर. यंत्र पहिल्या लेनच्या कडेला, समाप्ती रेषेच्या ५० मीटर आधी, १.२२ मीटर उंचीवर. पहिला धावपटू वळणातून सरळ मार्गावर आला की तिथून १० सेकंद मोजणी. आता प्रमाणित ट्रॅकचं माप घ्या: सरळ भाग ८४.३९ मीटर. उरलेले ११५.६१ मीटर वळणावर, कुठलीही लेन असो. म्हणजे अर्ध्याहून जास्त शर्यत ज्या वाऱ्यात होते त्याची नोंदच नाही. शिवाय सरळ मार्गावर जो वारा पाठीशी असतो तोच सुरुवातीच्या ब्लॉकमधून सुटताना तोंडावर येतो, कारण सुरुवातीला धावपटूचं तोंड उलट दिशेला असतं. मधे तो कुशीला लागतो. त्यामुळे १०० मीटरला वाऱ्याची वजाबाकी करणं ठीक, २०० मीटरला ती केली की खोटी अचूकता हाती येते. आपल्यातले काही जण सूत्र लावून १९.८४ चे ‘खरे’ १९.८६ की १९.९० यावर वाद घालतात. घाला. माझ्या वहीत २०० मीटरसाठी ‘सुधारित वेळ’ असा रकानाच नाही. वैध आणि अवैध, दोन बाजू, बस्स.

वैध बाजूच्या मुख्य नोंदी एकाखाली एक वाचल्या तर जे दिसतं ते मथळ्यांत कुठेच नव्हतं. डिसेंबरात ब्रिस्बेनला २०.०४. मार्चमध्ये क्वीन्सलंडच्या राज्य स्पर्धेत हीटला २०.०५ (फायनलचे १९.९८ वारा ३.६ असल्याने अवैध बाजूला). मार्चअखेर मेलबर्नला २०.३०. जूनमध्ये चेकियातल्या ऑस्ट्राव्हाला २०.०२. जुलैत मोनॅकोला तेवीस वर्षांखालच्या शर्यतीत २०.१०. सप्टेंबरात टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २०.२३ आणि २०.३६. डिसेंबर ते जून, सहा महिन्यांहून जास्त काळात सुधारणा दोन शतांश. रेषा सपाट आहे! सगळा गाजावाजा अवैध बाजूने पुरवला.

मला ही सपाट रेषा आवडली. सोळा-सतराच्या मुलाने घरच्या ट्रॅकवर शाळकरी मुलांना दहा मीटर मागे टाकून मारलेले २०.०४ आणि परक्या देशात, मोठ्या माणसांत, पहिल्याच युरोपीय दौऱ्यात मारलेले २०.०२ या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

जाता जाता पीटर नॉर्मनबद्दल, कारण त्याचं नाव न घेता ब्रिस्बेनची नोंद पुरी होत नाही. २०.०४ ने मोडला तो ऑस्ट्रेलियाच्याच नॉर्मनचा २०.०६ चा राष्ट्रीय विक्रम, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधला. छप्पन्न वर्षं टिकलेला. टॉमी स्मिथ १९.८३, नॉर्मन २०.०६, जॉन कार्लोस २०.१०, पदक घेताना दोघा अमेरिकनांनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी उगारल्या आणि नॉर्मन छातीवर मानवी हक्कांचा बिल्ला लावून त्यांच्यासोबत उभा राहिला. मेक्सिको सिटी सुमारे २२४० मीटर उंचीवर, हवा विरळ, २०० मीटरला फायदाच. तरीही छप्पन्न वर्षं म्हणजे छप्पन्न वर्षं. आणि तो आकडा मोडला कुणी, तर शालेय स्पर्धेतल्या मुलाने. असं रोज घडत नाही.

आता माझ्या लाडक्या दोन नोंदी, दोन्ही हरल्याच्या.

पहिली मेलबर्नची, २९ मार्च. लॅकलन केनेडी २०.२६, गाउट २०.३०. केनेडी त्याच्या आठवडाभर आधी नानजिंगच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत ६० मीटरचं रौप्य घेऊन आलेला, म्हणजे पहिल्या पावलांत जगातल्या मोजक्यांपैकी एक. ही शर्यत बघताना घड्याळाकडे लक्ष देऊ नका, वळणाकडे द्या. गाउटची पहिली तीसेक मीटर अजून सामान्य आहेत. सुरुवातीच्या वाकलेल्या स्थितीतून तो ताठ उभा राहायला वेळ घेतो, आणि एकदा उभा राहिला की मग त्याच्या टाचा, ते उंच उचललेले गुडघे, जमिनीला पाय लागतो न लागतो तोच सुटलेला. एरवी वळण संपेपर्यंत झालेली तूट तो शेवटच्या साठ मीटरमध्ये भरून काढतो. केनेडीपुढे ती भरली नाही. पर्थला या दोघांची परतफेड बघायची म्हणून मी थांबलो होतो, तर केनेडी फॉल्स स्टार्टवर, म्हणजे इशाऱ्याआधीच सुटल्याने, बाद. १९.८४ त्यामुळेही मला थोडे अर्धे वाटतात: शेजारी कुणी त्रास द्यायला नव्हतं.

गाउट वळणावर किती वेगाने धावतो हे चित्रणावरून कसं तपासतो, असं काही वाचकांनी विचारलं होतं, म्हणून सांगतो. ४ बाय १०० रिलेसाठी ट्रॅकवर बॅटन बदलायचे पट्टे आखलेले असतात. हल्लीचा पट्टा ३० मीटरचा: खुणेच्या आधी २०, नंतर १०. तिसऱ्या बदलाची खूण समाप्तीपासून बरोबर १०० मीटरवर. म्हणजे २०० मीटरच्या धावपटूसाठी त्या पट्ट्याची सुरुवात ८० मीटरला आणि शेवट ११० मीटरला, प्रत्येक लेनमध्ये. चित्रण सेकंदाला ५० फ्रेमचं असेल तर छाती एका रेषेवरून दुसऱ्या रेषेपर्यंत जायला किती फ्रेम लागल्या ते मोजायचं आणि ०.०२ ने गुणायचं. दोन्ही टोकांना एकेक फ्रेमची चूक गृहीत धरा. कॅमेरा तिरका असला तर नाद सोडा. स्पर्धेवाल्यांनी रेषा आखून ठेवल्या आहेत, आपण फुकटात वापरायच्या.

दुसरी नोंद टोकियोची. पात्रतेची वेळ २०.१६ होती, ती त्याने ब्रिस्बेनलाच गाठलेली. (१०० मीटरला १०.०० लागत होते, तिथे तो वैध १०.१७ वर, म्हणून फक्त २०० मीटर.) हीटमध्ये २०.२३, तिसरा, म्हणजे थेट पुढे. दुसऱ्या दिवशी सेमीफायनलमध्ये २०.३६, चौथा, बाहेर. त्याच सेमीफायनलच्या फेरीत नोआ लाइल्सने १९.५१ मारले, आणि दुसऱ्या दिवशी फायनल १९.५२ ने जिंकली. लाइल्सची ताकद इथे कळते: लागोपाठच्या दिवशी तीच धाव पुन्हा. गाउटला पहिल्या फेरीपेक्षा दुसरी ०.१३ ने जड गेली.

याला एक साधं कारण आहे ज्याची चर्चा कमी होते. ऑस्ट्रेलियाचा हंगाम उन्हाळ्यातला, डिसेंबर ते एप्रिल. जागतिक स्पर्धा यंदा सप्टेंबरच्या मध्यावर. म्हणजे या मुलाला डिसेंबरात एकदा तयार व्हायचं, एप्रिलात पुन्हा, जूनमध्ये युरोपात आणि मग सप्टेंबरात शिखर गाठायचं. वर शाळेचं शेवटचं वर्ष. उत्तर गोलार्धातल्या धावपटूची तयारी एका चढणीची असते, याची चार. अशात वयाच्या १७ वर्षं ८ महिन्यांना जागतिक स्पर्धेची सेमीफायनल ही माझ्या लेखी १९.८४ पेक्षा मोठी नोंद आहे. मतभेद असू शकतात, मांडा.

ईस्टरला व्हिक्टोरियात स्टॉवेल गिफ्ट पळाला, तेही वहीच्या मागच्या पानावर लिहिलंय. १८७८ पासूनची शर्यत, १२० मीटर, गवतावर, आणि वेगवान माणसाला इतरांच्या मागच्या रेषेवरून सोडतात. सेमीफायनलला बाहेर पडला. वेळेच्या रकान्यात त्याचं काय करायचं? काहीच नाही. मजा म्हणून ठेवलीय.

पुढच्या वर्षासाठी रकाने आखून तयार आहेत. ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा २ ऑगस्टला संपते आणि युजीनला वीस वर्षांखालची जागतिक स्पर्धा ५ ऑगस्टला सुरू होते. दोन्हीत उतरायचं की एकीत, हा निर्णय त्याच्या गोटाचा. २०२४ ला लिमात त्याने या दुसऱ्या स्पर्धेत २०.६० मध्ये रौप्य घेतलं होतं, दक्षिण आफ्रिकेच्या बायांडा वलाझाच्या मागे, त्यामुळे तिथला हिशेब बाकी आहे. मी मात्र सर्वोत्तम वेळेऐवजी एक नवा आकडा लिहिणार आहे: पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत वेळ किती घसरली किंवा सुधारली. ब्रिस्बेन २०३२ ला तो चोवीस वर्षांचा असेल वगैरे गणितं ज्यांना करायची त्यांनी करावीत, माझ्या वहीत त्याला जागा नाही.

आणि एक काम: ऑस्ट्राव्हाच्या शर्यतीचं वळणाच्या बाजूने, पट्ट्याच्या दोन्ही रेषा दिसतील असं चित्रण कुणाकडे असेल तर कळवा. समोरच्या कॅमेऱ्याचं नको, त्यात रेषा एकमेकींवर चढतात.