माटुंग्याची वेणी, दादरचा झेंडू

रविवार, मेगाब्लॉक, आणि तोही माटुंगा-मुलुंड. रोजच्या लोकांना पुढचं सांगायला नको. मावशीची पंचाहत्तरी, लालबागला घरी सत्यनारायण, अकराला पूजा आणि मी ठाण्याहून निघालेली. फास्ट गाड्या स्लोवर वळवलेल्या त्यामुळे सगळ्या एकामागे एक मुंगीसारख्या चाललेल्या, त्यात आदल्या रात्री मावशीचा फोन, "अगं झेंडू दादरहून आण, पण वेणी माटुंग्याचीच हवी हं, दादरची नको." मी म्हटलं मावशी, दोन स्टेशनं शेजारी शेजारी आहेत, फुलात काय फरक पडणार. ती म्हणे, "तुला नाही कळायचं, तू ठाण्याची."

आता यावर काय बोलणार. पण खरं सांगायचं तर तिचं बरोबर आहे. आमच्या मुंबईत दोन वस्त्यांच्या मधे कुठे रेघ नसते, पण नाकाला आणि कानाला बरोबर कळतं की आपण पलीकडे आलो.

माटुंग्याला पूर्वेला उतरलं की पहिल्यांदा कॉफीचा वास येतो, मग कापराचा, मग फुलांचा. स्टेशनसमोरच्या त्या दोनतीन गल्ल्यांत मोगरा म्हणत नाहीत, मल्ली म्हणतात. हारवाले बसल्या बसल्या केळीच्या सोपाच्या दोऱ्यात अबोली आणि मल्ली अशी काही गुंफतात की बोटं दिसतच नाहीत, आणि वेणी मापून देतात ती हाताने, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत एक मुळम. हा शब्द मी तिथेच शिकले. शेजारी केळीची पानं, कच्ची केळी, शेकटाच्या शेंगा, कढीपत्त्याच्या जुड्या, आणि पूजेच्या दुकानात तमिळ कॅलेंडरं. दोन पावलांवर कच्छी-गुजराती लोकांची फरसाणाची दुकानं, कारण माटुंगा नुसतं साउथ इंडियन नाहीये, अर्धं अधिक कच्छी पण आहे, आणि हे दोघं एकाच इडलीच्या लाइनीत शांतपणे उभे असतात.

लाइनीचं म्हणाल तर रविवारी सकाळी तिथल्या उडुपी हॉटेलांसमोर नंबर लावून फुटपाथवर ताटकळणं हा एक कार्यक्रमच असतो. रामाश्रय १९३९ चं, रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं, तिथे केळीच्या पानावर जेवण. कॅफे मद्रास किंग्ज सर्कलच्या बाजूला, तिथला रसम वडा मला मनापासून आवडतो पण त्या दिवशी वेळ नव्हता. उभ्या उभ्या एक फिल्टर कॉफी घेतली, डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत ओतून, वरून खाली, फेस येईपर्यंत. तिथला नियम असा की कॉफी संपली की रेंगाळायचं नाही, मागे माणूस उभा असतो. कोणी बोलत नाही, पण बघतो.

वेणी घेतली. फुलवाला म्हणाला ताजी आहे, आत्ताच गुंफली. मी दोन मुळम घेतल्या.

मावशीच्या या वेणीमागे एक गोष्ट आहे. काका, म्हणजे तिचे यजमान, परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांनी संप पुकारला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. काका दीड वर्ष घरी बसले आणि मग ओळखीने माटुंग्याच्या एका उडुपी हॉटेलात गल्ल्यावर लागले. लूमवर काम केलेला माणूस इडली-वड्याची बिलं फाडतोय, याचं त्यांना आधी फार लागलं होतं म्हणे. पण दर शनिवारी पगार असो नसो, एक वेणी घरी यायची. चाळीतल्या बाकी बायका मोगऱ्याचा गजरा माळायच्या आणि मावशी मद्रासी पद्धतीची वेणी, त्यावरून तिला "अम्मा" चिडवायचे. तिला आवडायचं ते.

गाडीचा भरवसा नव्हता म्हणून चालतच निघाले. तसंही माटुंगा ते दादर हे चालायचंच अंतर आहे, आणि माझी कॉलेजची वर्षं रुईया नाक्यावर गेलीत त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळतात. रुईया १९३७, पोदार १९४१, आणि जवळपासच व्हीजेटीआय, यूडीसीटी (आता आयसीटी म्हणतात, आमच्या तोंडी बसत नाही), एवढ्याशा भागात इतकी कॉलेजं की नाक्याचं सरासरी वय कायम एकोणीसच राहतं. आम्ही म्हातारे होतो, नाका होत नाही. मधे आंबेडकर रोडच्या पुलाखाली एक लांबट बाग केलीये ती बघितलीत का? पुलाखाली गाड्या लागायला लागल्या, कचरा व्हायला लागला, तर तिथल्याच रहिवाशांनी मागे लागून लागून ती करून घेतली, आणि आतली चालायची वाट नर्मदेच्या वळणांसारखी आहे. पुलाखाली नर्मदा परिक्रमा! हे फक्त माटुंग्यालाच सुचू शकतं.

रोड ओलांडून पूर्वेला गेलं की आवाजच बंद होतो. खरंच, कोणीतरी बटण दाबल्यासारखा. पाच बगीचे, आणि त्याला लागून पारशी कॉलनी. दोनतीन मजली घरं, गोल बाल्कन्या, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झाडांची कमान, आणि मंचेरजी जोशींनी, ज्यांनी ही कॉलनी उभी केली त्यांनी, एकेका रस्त्याला एकेका जातीचं झाड लावलं असं सांगतात. एक आजोबा पारशांचा पांढरा सदरा घालून गॅलरीत पेपर वाचत होते, खाली जुनी गाडी कव्हर घालून झाकलेली. इथे फूल विकत मिळत नाही, फूल झाडावर असतं आणि खाली सडा पडतो. रस्ते इतके रुंद कसे, असं कॉलेजात असताना कधी डोक्यात आलं नाही, नंतर कधीतरी वाचनात आलं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, मांडवीच्या दाट वस्तीतून पसरला, माणसं पटापट गेली, अर्धं शहर गावाकडे पळालं. मग सरकारने १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि त्या ट्रस्टने शहराच्या उत्तरेला, शेतं आणि पाणथळ जागा होत्या तिथे, हवा खेळेल अशी वसाहत आखली, दादर-माटुंगा-वडाळा-शीव. म्हणजे आज ज्या झाडाखाली आपण रील काढतो ते झाड उंदरांच्या कृपेने आहे.

परत रोड ओलांडून हिंदू कॉलनी. पारशी कॉलनीची मराठी बहीण, पण जास्त बोलकी. गल्ल्यांना नंबर, खिडकीतून तबला नाहीतर कुकरची शिट्टी, आणि तिथेच राजगृह. बाबासाहेबांनी तिसाच्या दशकात हे घर बांधलं ते मुख्य म्हणजे पुस्तकांसाठी. पन्नास हजारांच्या वर पुस्तकं होती म्हणतात, नुसता आकडा ऐकून मला माझ्या दोन कपाटांची लाज वाटते. पुढे टीटी. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, मुंबईतली ट्राम १९६४ ला बंद झाली, साठ वर्षं उलटली, सर्कलला खोदादाद सर्कल असं छान नाव आहे, तरी टॅक्सीवाल्याला टीटीच सांगावं लागतं.

इथून टिळक पूल चढायचा. दादर या शब्दाचा अर्थच जिना, आणि या जागेला दुसरं नाव शोभलंच नसतं, कारण दादरला माणूस राहतो कमी आणि जिने चढतो जास्त. त्यातून २०२३ च्या डिसेंबरात सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले, वेस्टर्नचे १ ते ७ तसेच आणि सेंट्रलचे पुढे ८ ते १४. गोंधळ कमी व्हावा म्हणून केलं, आणि बरोबरच केलं, पण मी अजून मनात "म्हणजे जुना एक" असा हिशोब करते.

पूल चढताना टीटीची ऐसपैस दुपार असते आणि उतरताना पश्चिमेचा बाजार अंगावर येतो. पुलाच्या मध्यावर वास बदलतो, मी मुद्दाम थांबून बघितलंय. खालून झेंडूचा तो उग्र, ओलसर, जरा कुजकट वास वर येतो. मीनाताई ठाकरे फूल मंडई. पहाटे चारला इथे दुपारसारखी गर्दी असते, घाटावरून टेम्पो आलेले, वसईकडच्या बायका पहिल्या लोकलने टोपल्या घेऊन आलेल्या. माटुंग्यात फूल हाताने मोजतात तर इथे काट्यावर टाकतात. झेंडू, कापरी, शेवंती, अष्टर, सगळं किलोवर, गोणीवर, आणि भाव करताना आवाज चढवला नाही तर समोरच्याला वाटतं हिला घ्यायचं नाहीये. पायाखाली पाकळ्यांचा चिखल. चांगली चप्पल घालून जाऊ नये, मी दरवेळी जाते.

दोन किलो झेंडू, थोडी शेवंती, आंब्याचे डहाळे. भाव विचारू नका, सत्यनारायणाचा सीझन होता.

खरं म्हणजे दादर पश्चिम हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. रानडे रोड, प्लाझा थिएटर (१९३५ पासून), शिवाजी मंदिर, छबिलदास गल्लीतला वडा. आणि त्याच छबिलदास शाळेच्या हॉलमधे सत्तरच्या दशकात लोक जमिनीवर बसून प्रायोगिक नाटकं बघायचे, माझ्या वडिलांनी बघितलीत, मला मात्र फक्त वडा मिळाला. अजून पश्चिमेला गेलं की शिवाजी पार्क, अठ्ठावीस एकर मैदान, एका वेळी इतक्या क्रिकेटच्या मॅचेस चालू की कुठला फील्डर कुठल्या टीमचा हे त्यांचं त्यांनाच माहीत. आचरेकर सरांची नेट्स इथलीच. तिथल्या कट्ट्यावर बसणाऱ्यांना आपण जगाच्या मध्यावर बसलोय असं मनापासून वाटतं, आणि "मी पार्कात राहते" हे सांगताना त्यांचा आवाज थोडा बदलतो. चिडू नका, माझ्या दोन मैत्रिणी पार्कातल्या आहेत, त्यांच्यावर प्रयोग केलाय. समुद्राच्या बाजूला चैत्यभूमी, ६ डिसेंबरला पार्क माणसांनी आणि पुस्तकांच्या स्टॉलनी भरतं, त्या दिवशी तिथे मेणबत्ती आणि पांढरी फुलं. दोन स्टेशनं वर गेलं तर माहीम, बुधवारी चर्चमधे नोव्हेना, बाहेर विकायला मेणाचे हात, पाय, घर, बाळ, ज्याचा जो नवस असेल ते, आणि तिथून जवळच मखदूम शाह बाबांच्या दर्ग्यापाशी गुलाबाच्या चादरी. एक स्टेशन खाली गेलं तर प्रभादेवी आणि सिद्धिविनायकाच्या रांगेत जास्वंद आणि दुर्वा. देव जसे बदलतात तशी फुलं बदलतात.

पण मला लालबाग गाठायचं होतं. दोन पिशव्या घेऊन परत पूल चढायचं त्राण नव्हतं म्हणून काळी-पिवळी केली. टीटीवरून दक्षिणेला निघालं की हिंदमाता, कपड्यांची दुकानं, आणि पाऊस म्हटला की टीव्हीवर दिसणारी जागा. आता तिथे पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या केल्यात. पुढे परळ. इथे फुलांची दुकानं जवळजवळ दिसत नाहीत, शहाळीवाले आणि औषधांची दुकानं दिसतात. केईएम हॉस्पिटल १९२६ पासून, टाटा १९४१ पासून, वाडिया, आणि हाफकिन. गंमत बघा, ज्या प्लेगमुळे माटुंग्याचे रस्ते रुंद झाले त्याच प्लेगची लस शास्त्रज्ञ हाफकिन यांनी काढली, आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ ला त्यांची लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधे आली. कधीकाळी गव्हर्नर राहायचा तो हा भाग, मग गिरण्या आल्या, मग टॉवर आले. मधे हातात एक्सरेची पाकिटं धरून फुटपाथवर बसलेली गावाकडची माणसं, ती सगळ्या काळात तशीच.

टॅक्सीवाला म्हणाला, "मॅडम, हे सगळं आता परळ नाही म्हणत, मोठे लोक वेगळं काहीतरी म्हणतात." खरंय. बिल्डरच्या जाहिरातीत लोअर परळचं अप्पर वरळी होतं आणि वडाळ्याचं न्यू कफ परेड. लोअरचं अप्पर करायला फक्त एक होर्डिंग लागतं. वडाळ्याच्या विठोबाला विचारायला हवं, आषाढीला तुझ्याकडे येणाऱ्यांनी आता कफ परेडला जातो म्हणायचं का.

लालबाग आलं ते मिरचीच्या ठसक्याने कळलं. मसाल्याच्या गल्लीत डंकावर मिरच्या पडायला लागल्या की टॅक्सीच्या बंद काचेतून सुद्धा शिंक येते. त्याच्याच आसपास चिवडा गल्ली, गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासून, आणि लालबागचा राजा १९३४ पासून, तो मुळात इथल्या कोळी आणि किरकोळ विक्रेत्यांचा नवस, बाजार उठला होता, हक्काची जागा मिळू दे म्हणून. आज त्याच्या रांगेत चोवीस तास उभे राहणाऱ्या किती जणांना माहीत असेल की नवस मंडईच्या गाळ्यांसाठी होता.

चाळीच्या जिन्यात पोचले तेव्हा पावणेअकरा. भटजी यायचे होते. मावशी नवीन इरकलीत, खुर्चीवर, दारातच वाट बघत. झेंडूच्या पिशवीकडे तिने बघितलंसुद्धा नाही, हात पुढे केला तो वेणीसाठी. पानाची पुडी सोडली, नाकाशी धरली, डोळे मिटले. मला वाटलं आता रडते.

"ही कालची आहे," ती म्हणाली. "पाणी मारून ताजी केलीये."

मी म्हटलं, अगं तो म्हणाला आत्ताच गुंफली.

"म्हणणारच. तुझे काकापण कायम कालचीच आणायचे, अर्ध्या भावात मिळायची ना. माळ पटकन, केसात नीट बसव."

दुसरी मुळम तिने मला माळायला लावली, केस कापलेले आहेत म्हटलं तरी ऐकलं नाही, तीन पिना लावून बसवली. पूजेत ती दोनदा पंचामृतात पडली.