पहिलं उड्डाण: कोणता आवाज कशाचा आणि पोटात गोळा का येतो

पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला जो तो एकच सल्ला देतो, ‘घाबरू नकोस, काही होत नाही.’ या सल्ल्याचा काडीचाही उपयोग होत नाही. पायाखालून अचानक धप्प आवाज येतो, कानाला दडे बसतात, पोट खाली राहिल्यासारखं वाटतं आणि यातलं काहीच ओळखीचं नसतं. मग मन आपल्या परीने अर्थ लावतं आणि नेमका वाईटातला वाईट लावतं. त्यामुळे काय, कधी आणि कशामुळे होणार आहे हे आधी ठाऊक असलं की निम्मी भीती तिथेच सरते. उरलेल्या निम्मीसाठी श्वास आहे, त्याबद्दल पुढे येतंच.

विमानतळावरची धडधड बरीचशी वेळेची असते. देशांतर्गत प्रवासाला दोन तास आणि परदेशी प्रवासाला तीन तास आधी पोचलं की घाई उरत नाही. बोर्डिंग पासवर दोन वेळा छापलेल्या असतात, एक बोर्डिंगची, म्हणजे विमानात चढण्याची, आणि एक उड्डाणाची. नवखे लोक उड्डाणाची वेळ धरून बसतात आणि गेट त्याच्या साधारण २०-२५ मिनिटं आधीच बंद होतं. पासवर छापलेला गेट क्रमांकही बदलू शकतो, म्हणून अधूनमधून स्क्रीनवर नजर टाका. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायची, मोठ्या सामानात टाकायची नाही. तिची मर्यादा साधारण १०० वॉट-अवर, म्हणजे सुमारे २७,००० एमएएच. ऐन काउंटरवर बॅग उघडून ती शोधत बसायची वेळ आली की आधीच ताणलेली माणसं तिथेच अर्धी खचतात.

सीट निवडता आली तर पंखावरची घ्या. विमान आपल्या गुरुत्वमध्याभोवती डुलतं आणि तो पंखांच्या आसपास असतो. शेपटीकडच्या सीटला तोच गचका जास्त जाणवतो, झोपाळ्याच्या टोकाला बसल्यासारखा. मळमळ होणाऱ्याला खिडकी बरी, कारण लांबचं क्षितिज दिसतं. ज्याला कोंडल्यासारखं होतं त्याला कडेची सीट. सकाळचं उड्डाण मिळालं तर उत्तम, तोवर जमीन तापून वर उठणारे हवेचे लोट फारसे तयार झालेले नसतात.

उपाशी पोटी जाऊ नका, आकंठ जेवूनही जाऊ नका. कॉफी टाळा. कॅफीनने होणारी धडधड आणि भीतीची धडधड शरीराला वेगळी ओळखता येत नाही. दारूने धीर येतो हा गैरसमज आहे. विमानातली हवा अतिशय कोरडी असते आणि दारूने शरीर आणखी सुकतं. मळमळीची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याच्या अर्धा-एक तास आधी. उलटी आल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. चिंतेवरची गोळी दिली असेल तर ती आधी एकदा घरी घेऊन पाहा. तिचा परिणाम पहिल्यांदा हवेत कळू नये.

सीटवर बसलात की पट्टा कमरेच्या हाडांवर खाली आणि घट्ट बांधा, पोटावर नाही. मोटारीतल्यासारखं बटण इथे नसतं, बकलवरची पट्टी वर उचलली की तो सुटतो. जमिनीवर असतानाच दोन-तीनदा उघडून-लावून बघा. डोक्यावरचा वाऱ्याचा नळ फिरवून चेहऱ्यावर गार झोत घ्या. त्याने मळमळ आणि घुसमट दोन्ही कमी होतात. कधीकधी छताजवळून पांढरी वाफ निघते. ती धूर वाटते, पण गार हवेने दमट हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब होऊन झालेलं ते धुकं असतं. इंजिन सुरू करताना एसीचा वारा काही क्षण थांबतो आणि दिवे लुकलुकू शकतात. इंजिन फिरवायलाही एसीला लागणारी तीच दाबाची हवा लागते, आणि वीज एका जनित्रावरून दुसऱ्यावर जाते. मग पंखांतून लांबलचक घुर्र असा आवाज येतो, ते फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, बाहेर निघत असतात. रात्रीचं उड्डाण असेल तर दिवे मंद करतात, तेही काही बिघडलंय म्हणून नाही, डोळे अंधाराला सरावलेले असावेत म्हणून.

धावपट्टीवरची दौड बहुतेक ३० ते ४० सेकंदांची. ताशी साधारण २५० ते २८० किलोमीटरला नाक उचलतं. पाठ सीटला चिकटते, खिडक्या आणि वरचे कप्पे खडखडतात. नाक वर झालं की थोड्याच वेळात पोटाखालून धडाम! चाकं आत जाऊन दारं बंद झाली.

आता नीट वाचावं असं. जमीन सोडल्यावर अर्ध्या-एक मिनिटात, साधारण १,००० ते १,५०० फुटांवर, इंजिनांचा आवाज एकदम उतरतो आणि विमान खाली चाललंय असं वाटतं. इथे कित्येकजण सीटचे हात घट्ट पकडतात. घडतं ते असं: उड्डाणाचा पूर्ण जोर पुढच्या चढाईला लागत नाही, म्हणून ठरलेल्या उंचीला तो कमी करतात. नाकही किंचित खाली येतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव वेग घेणं आणि वर झुकणं यात गल्लत करतो. जोर कमी झाला की ‘आपण पडतोय’ असा निरोप तो मेंदूला धाडतो. विमान मात्र चढतंच असतं. खिडकीतून पाहा, जमीन लांबच जाताना दिसेल. मग विमान एका अंगावर कलतं, २५-३० अंश, आणि वळतं. ही वळणं आधीच ठरलेली असतात.

खिडकीशी बसलेल्याला आणखी एक गोष्ट हमखास खुपते. काचेच्या खालच्या बाजूला टाचणीने पाडल्यासारखं भोक असतं आणि उंचावर त्याभोवती बर्फाची नक्षी उमटते. काच तडकलेली नाही. खिडकीला सहसा तीन थर असतात आणि भोक मधल्या थराला मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यामुळे आतल्या हवेचा दाब बाहेरच्या मजबूत थरावर जातो, आणि दोन थरांमधली वाफही निघून जाते. आपलं बोट लागतं तो थर फक्त ओरखड्यांपासून वाचवायला.

भीती चढलीच तर श्वास. नाकाने चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांब हवा. मोठमोठे श्वास भराभर घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि माणसाला वाटतं, आता काहीतरी होणार. ‘दीर्घ श्वास घ्या’ एवढंच सांगितल्याने होणारा हा घोळ आहे. सोबत दोन्ही मुठी पाच सेकंद आवळा आणि दहा सेकंद सैल सोडा. घाबरण्याचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरू लागतो, त्याच्याशी झगडायला गेलं तर लांबतो. पहिलाच प्रवास आहे हे केबिन क्रूला चढतानाच सांगून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

गचके बसतात तेव्हा विमान हजारो फूट कोसळल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात उंची बहुतेकदा थोड्याच फुटांनी हलते. पंखांची टोकं वरखाली होतात, कारण ती वाकण्यासाठीच बनवलेली असतात. सेवेत अपेक्षित असलेल्या सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भार पंखाला पेलावा लागतो, तेव्हाच विमानाला मान्यता मिळते. गचक्यांत जखमी होतात ते बहुधा पट्टा न बांधलेले, म्हणून पट्टा बांधण्याच्या खुणेचा दिवा विझलेला असला तरी पट्टा बांधलेला ठेवा. अंग ताठ करू नका, कच्च्या रस्त्यावरच्या बसमध्ये बसतो तसं सैल बसा.

उतरण्याच्या साधारण २५-३० मिनिटं आधी इंजिनं मंदावतात आणि कान दडपू लागतात. केबिनमधला दाब उंचावर सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवलेला असतो आणि उतरताना तो वाढत जातो. चढताना कानातली हवा आपसूक निसटते, उतरताना मात्र ती आत घ्यावी लागते, म्हणून खरा त्रास उतरतानाच. आवंढे गिळा, जांभया द्या, काहीतरी चघळा. नाही सुटलं तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून अगदी हलकेच फुंका. जोर लावला तर पडद्याला इजा होऊ शकते. दुखेपर्यंत थांबू नका, दर मिनिटाला करत राहा. झोप आली तरी या वेळी जागे राहा, कारण झोपेत गिळणं कमी होतं.

चाकं खाली येतात तेव्हा पुन्हा धप्प, सोबत वाऱ्याची घरघर. टेकताना दणका बसला तर वैमानिक कच्चा असं समजू नका, ओल्या धावपट्टीवर चाकांनी पाणी कापावं म्हणून मुद्दाम ठाम टेकवतात. टेकताच इंजिनं गर्जतात, कारण त्यांचा झोत पुढे वळवून वेग कमी करतात. क्वचित टेकण्याच्या बेतात असलेलं विमान जोर लावून पुन्हा वर जातं. धावपट्टी मोकळी झालेली नसते किंवा वारा बदललेला असतो. वैमानिक याचा नेहमी सराव करतात. घोषणा लगेच होत नाही, कारण तेवढी मिनिटं त्यांचे हात गुंतलेले असतात.

गेटवर पोचताना एअरबस ए३२० जातीच्या विमानात खालून कुत्रा भुंकल्यासारखा किंवा करवत चालल्यासारखा आवाज येऊ शकतो. एका हायड्रॉलिक (तेलासारख्या द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणेचा दाब उतरला की दुसरीकडून तो पुरवणारा पंप थांबत-थांबत चालतो, त्याचा तो आवाज. निघण्यापूर्वीही ऐकू येतो. उतरल्यावर कान तासा-दोन तासांत मोकळे होतात. सर्दी असेल तर जास्त वेळ लागतो, आणि दोन दिवसांनीही दुखत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.